चावी, पाव आणि लिस्बन

वालीवची मैत्रीण नोकरीसाठी पोर्तुगालच्या राजधानीत गेली. आठ महिन्यांनी आम्ही तिघं तिच्याकडे थडकलो. सोबत होती आगाशीची सुकेळी, चालायचे बूट आणि काकूंनी सोपवलेलं एक अवघड काम...

परदेशात राहणारी मैत्रीण म्हणजे फुकटचं हॉटेल प्लस घरचा गाइड, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. ती तिथे राहते ना, मग तिला सगळं माहीत असणारच! प्रत्यक्षात नोकरीसाठी नव्या शहरात गेलेल्या माणसाला तीनच जागा पक्क्या ठाऊक असतात. ऑफिस, सुपरमार्केट आणि स्वतःची खोली. शनिवार कपडे धुण्यात जातो, रविवार आठवड्याची भाजी करून डबे भरण्यात. शहर बघायचं राहूनच जातं. 'बघू की, इथेच तर आहोत,' असं म्हणता म्हणता वर्ष उलटतं.

आमच्या मैत्रिणीचं अगदी हेच झालं होतं. वालीवला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली ही मुलगी एका आयटी कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये लिस्बनला गेली. आम्ही तिघं, म्हणजे एक बँकवाला, एक सीए आणि एक फ्रीलान्स पत्रकार (अस्मादिक), दहा दिवसांच्या युरोप ट्रिपचा शेवटचा वीकेण्ड तिच्याकडे घालवायचा, असं ठरवून ऑक्टोबरात तिथे पोचलो. तिचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट चार महिन्यांनी संपत होतं. ती ते वाढवणार की परत येणार, याचा घरी पत्ता लागू देत नव्हती. आम्ही निघायच्या आदल्या रात्री काकू सुकेळ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच विचारा बाई. आम्ही विचारलं की तिचं नेटवर्क जातं."

तसं पाहिलं तर वसईकरांना लिस्बन अगदीच परकं नाही. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने ती त्यांच्याकडून जिंकली. मधली दोनशे वर्षं वसई हे पोर्तुगिजांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होतं. आज मात्र गंमत अशी की, आकड्यांत आपणच भारी आहोत. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. लिस्बन शहराची २०२१ मध्ये साडेपाच लाखांच्याही आत. एका देशाची राजधानी, आणि आपल्या निम्म्याहून कमी!

शुक्रवार : सात अधिक तीन

लिस्बनच्या विमानतळावरूनच मेट्रोची लाल लाइन सुटते. आलामेडा स्टेशनवर हिरव्या लाइनची गाडी पकडली की, पुढचंच स्टेशन अरोयुश. इथे आमची मैत्रीण राहते. जुन्या चारमजली इमारतीत वरचा मजला, लिफ्ट नाही, फ्लॅटमध्ये चार जण आणि प्रत्येकाला एक खोली. लिस्बनची घरभाडी गेल्या दहा वर्षांत आकाशाला भिडली आहेत. टुरिस्टांना घरं भाड्याने देण्यात जास्त पैसा आहे, त्यात बाहेरच्या देशांतला पगार घेऊन इथे राहायला येणाऱ्यांची भर पडली, आणि मूळच्या रहिवाशांना जुन्या वस्त्या परवडेनाशा झाल्या. तिने आपलं भाडं सांगितल्यावर सीएने मनातल्या मनात शंभराने गुणलं आणि खाली बसली.

आम्ही दोघी तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून, बँकवाला जवळच्या हॉस्टेलात, अशी झोपायची व्यवस्था झाली. मग तिने लॅपटॉप उघडून आम्हाला यादी दाखवली. वीकेण्डला बघायच्या दहा जागा, वेळेसकट.

"यातलं तू काय काय पाहिलंयस?" बँकवाल्याने विचारलं.

"तीन."

"आठ महिन्यांत तीन?"

"त्यातलं एक बसमधून," ती म्हणाली.

म्हणजे गाइड आणि पाहुणे दोघंही नवखे! त्या क्षणी वीकेण्डचा सगळा नूरच बदलला. ती आम्हाला शहर दाखवणार, हा बेत बाजूला पडला. उरलेल्या सात जागा चौघांनी मिळून शोधायच्या, असं ठरलं.

शनिवार सकाळ : गाळ्यातली पोर्तुगीज

सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी "पाँव?" असं विचारलं आणि बँकवाला उडालाच. "मराठी बोलतायत या!" त्यांनी अर्थातच ब्रेड हवा का, एवढंच विचारलं होतं. आपला पाव तिकडूनच आला. पदार्थही आणि शब्दही.

तिथून आमचा खेळ सुरू झाला. भाजीच्या दुकानात बटाट्याच्या ढिगावर 'बताता' लिहिलेलं. कोबीला 'कोव्ह', अननसाला 'अनानाश', काजूला 'काझू'. एका चिंचोळ्या दुकानावर मोठी किल्ली रंगवलेली आणि पाटीवर 'शाव्ह', म्हणजे चावी. साबण तो 'साबाँव', बादली ती 'बाल्द', फीत ती 'फिता', मेज ते 'मेझा'. लिलाव हा शब्द 'लैलाँव'वरून आला आणि पगार हा 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं, यावरून.

आता जरा वालीवचा कुठलाही गाळा डोळ्यांसमोर आणा. सकाळी मालक चावी लावून शटर उघडतो. कोपऱ्यात पीप असतं, घमेलं असतं, हात धुवायला बादली आणि साबण असतो. दुपारी चहाबरोबर पाव येतो आणि महिनाअखेर सगळे पगाराची वाट बघतात. त्या गाळ्यात कोणालाही आपण पोर्तुगीज बोलतोय असं वाटत नाही, पण यातला जवळपास प्रत्येक शब्द याच किनाऱ्यावरून बोटीत बसून आला. मैत्रिणीच्या वडिलांचा गोलाणी नाक्याजवळ गाळा आहे. ती सगळं ऐकत होती. म्हणाली, "मी इथे यायच्या आधी ॲपवर भाषा शिकत होते. ॲपने हे कधी सांगितलंच नाही. पप्पांनाच विचारायला हवं होतं."

यादीतली पहिली जागा म्हणजे २८ नंबरची ट्राम. १९३० च्या दशकातल्या बनावटीचा पिवळा लाकडी डबा मार्तिम मोनीज चौकातून निघतो आणि जुन्या वस्तीतल्या वळणावळणाच्या चढांवरून घरांना जवळजवळ घासत जातो. फोटो झकास येतात, म्हणूनच रांग एवढी की शेपूट दिसेना. विरार फास्टमध्ये चढायची सवय असलेली माणसं आम्ही, पण इथे रांग मोडता येत नाही ना! चालतच चढायचं ठरलं.

चौकाच्या मागे बेनफोर्मोझो नावाची गल्ली आहे. बांगलादेशी, नेपाळी, भारतीय, पाकिस्तानी दुकानं, सलून, मोबाइल रिपेअर, कढईतले समोसे. आमची मैत्रीण तूरडाळ आणि मोहरी इथूनच नेते. ही गल्ली १९ डिसेंबर २०२४ रोजी देशभर गाजली. पोलिसांनी कारवाई करताना इथल्या डझनावारी लोकांना भिंतीला हात टेकवून ओळीने उभं केलं. ते फोटो पाहून बरेच पोर्तुगीज लोकही संतापले आणि जानेवारी २०२५ मध्ये हजारो जणांनी 'आम्हाला भिंतीला लावू नका' म्हणत मोर्चा काढला. दुसरीकडे, बाहेरून येणाऱ्यांना आवर घाला म्हणणाऱ्या पक्षाला मे २०२५ च्या निवडणुकीत भरभरून मतं मिळाली.

"मला कोणी काही बोललेलं नाही," ती डाळीचं पाकीट पिशवीत टाकत म्हणाली. "पण कार्ड सोबत नसेल तर मी दूध आणायलाही जात नाही."

बँकवाला काही तरी विनोद करायच्या तयारीत होता, तो गप्प झाला. वालीवच्या चाळींत एका खोलीत आठ-आठ जण राहतात, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले. आपण त्यांना काय म्हणतो, ते आम्हा चौघांनाही पाठ होतं.

शनिवार दुपार : छप्पर नसलेलं चर्च

चढ संपला आणि समोर तेजो नदी पसरली. नदी कसली, खाडीच ती, एवढी रुंद. लिस्बनमध्ये अशा टेकडीवरच्या गच्च्यांना मिरादोरो म्हणतात. सांता लुझियाच्या मिरादोरोवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची चित्रं आहेत. त्यांतल्या एकात भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक आहे आणि दुसऱ्यात ११४७ साली मुस्लिम राज्यकर्त्यांकडून शहर जिंकून घेतल्याचा प्रसंग.

उतरताना से नावाचं मुख्य कॅथेड्रल लागतं. आम्ही पोचायला आणि घंटा वाजायला एकच गाठ पडली. सीएचं आजोळ नाशिकचं. ती पटकन म्हणाली, "नारोशंकराची घंटा!" तिचं काही चुकलं नाही. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा वसईच्या विजयानंतर तिकडे गेलेली पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. मराठी फौजेने अशा अनेक घंटा विजयाची खूण म्हणून देवळांना दिल्या. म्हणजे देवळात गेल्यावर आपण जी घंटा वाजवतो, तिचा आवाज कधी कधी मूळचा असा असतो.

कॅथेड्रलच्या खालीच संत अंतोनीचं चर्च आहे. जगभर त्यांना पादुआचे संत अंतोनी म्हणतात, पण जन्म लिस्बनचा, म्हणून इथले लोक त्यांच्यावरचा हक्क सोडत नाहीत. १३ जूनला त्यांचा सण असतो. तेव्हा अल्फामा भागातल्या गल्लीगल्लीत शेगड्या मांडून तारल्या भाजतात. हो, तारल्या! तुम्ही सार्डिन म्हणा हवं तर.

नदीकाठचा तो भव्य चौक, प्रासा दो कोमेर्सिओ, आता पिवळ्या इमारतींनी वेढलेला आहे. एके काळी इथे राजवाडा होता आणि त्यातच होतं 'कासा दा इंडिया', म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराचं ऑफिस. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, ऑल सेंट्स डेला, चर्च माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला. मग नदीतून लाटा आल्या. मग मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेट घेतला आणि शहर कित्येक दिवस जळत राहिलं. राजवाडा गेला, कासा दा इंडियाचं दफ्तर गेलं. वसई हातची गेल्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. पुढे मार्केश द पोंबाल या मंत्र्याने सरळ रस्त्यांचं नवं शहर बांधलं. आजचा बाइशा भाग तो हाच.

तिथून चढ चढून आम्ही कार्मोला गेलो. भूकंपात या मठाच्या चर्चचं छप्पर कोसळलं. नंतर दुरुस्ती सुरू झाली, पण ती अर्ध्यावरच थांबली. आज आत उभं राहिलं की, दोन्ही बाजूंना खांब, वर कमानींच्या नुसत्या फासळ्या आणि त्यांच्यामधून आकाश. खाली गवत. मागच्या खोल्यांत पुरातत्त्व संग्रहालय आहे.

आमची मैत्रीण मध्यभागी उभी राहून वर बघत होती. बराच वेळ.

"हे मी कुठे तरी पाहिलंय."

"वसईचा किल्ला," मी म्हणाले. "सातवीची सहल."

वसईच्या किल्ल्यातली चर्चही अशीच उभी आहेत. छप्पर नाही, पण भिंती आणि कमानी शाबूत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये तर जमिनीवर पोर्तुगीज मजकुराची थडगी अजून दिसतात. तिथला नाश लढायांनी आणि नंतरच्या दुर्लक्षाने झाला, इथला भूकंपाने. इथे तिकीट काढून लोक आत येतात, हळू आवाजात बोलतात. आपल्या किल्ल्यात प्री-वेडिंग शूटची गर्दी असते. वालीवहून किल्ला जेमतेम दहा-बारा किलोमीटर. शाळेच्या सहलीनंतर आम्हा चौघांतलं कोण तिथे नीट फिरलंय, असा प्रश्न सीएने टाकला. हात वर झाले नाहीत. 'बघू की, इथेच तर आहोत!'

कार्मोच्या खालच्या बाजूला बेर्त्रांद हे पुस्तकांचं दुकान आहे. १७३२ सालचं, आणि गिनेस बुकाच्या नोंदीप्रमाणे जगातलं सर्वांत जुनं चालू पुस्तकाचं दुकान. म्हणजे वसईत पोर्तुगीज झेंडा होता, तेव्हा या व्यवसायाची सुरुवात झाली होती. भूकंपानंतर दुकान सध्याच्या जागी आलं.

शनिवार रात्र : बघायला की न्यायला?

रात्री अल्फामामध्ये फादो ऐकायला गेलो. फादो हे लिस्बनचं स्वतःचं गाणं. दोन गिटार, एक गळा, माइक नाही. २०११ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. गाणं सुरू होताना दिवे मंद करतात आणि मग काट्याचमच्याचाही आवाज चालत नाही. एका टेबलावर कुजबुज झाली, तर गाणाऱ्या बाईंनी नुसतं वळून पाहिलं. पुरे झालं.

जेवणात खारवून सुकवलेला कॉड होता, बाकाल्याव. पाचूबंदरच्या सुक्या मासळीचा वास ज्यांना परिचित आहे, त्यांना या शहरात कधीच उपरं वाटणार नाही. टेबलावर न मागता आलेले पाव, ऑलिव्ह आणि चीज मात्र फुकट नसतात, हे लक्षात ठेवा. नको असेल तर आल्या आल्या परत पाठवायचं. कोणी वाईट वाटून घेत नाही.

बिल आलं आणि मैत्रिणीने कार्ड पुढे केलं. सकाळपासून चौथ्यांदा. आता सीएने तिचा हात धरला.

"तू होस्ट आहेस, स्पॉन्सर नाहीस. तुझं भाडं मला पाठ झालंय."

"अगं, तुम्ही इतक्या लांबून आलात..."

"म्हणूनच. चार भाग."

मग, बहुधा त्याच जोरात, सीएने तो प्रश्नही विचारून टाकला. "काकूंनी विचारलंय. परत कधी येतेस?"

ती काही क्षण रुमालाची घडी घालत राहिली. "म्हणजे तुम्ही मला बघायला आलात की न्यायला?"

त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. नशीब, तेवढ्यात दिवे मंद झाले. घरी परतताना आम्ही चढावर एका ओळीत चाललो होतो आणि दगडांवर फक्त बुटांचे आवाज येत होते.

रविवार : उजवीकडे नाही, डावीकडे

सकाळी ती आमच्या आधी उठून तयार. "चला, बेलेम. लवकर गेलो तर रांग कमी असेल." कालचा विषय कोणी काढला नाही.

काइश दो सोद्रेहून नदीच्या काठाने पश्चिमेला गेलं की बेलेम येतं. इथे १८३७ पासून चालू असलेलं 'पाश्तैश द बेलेम' हे दुकान आहे. पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड, वर भट्टीत पडलेले काळे डाग आणि हवी तर दालचिनीची पूड. गरमागरम खायचं आणि एकावर थांबायचं नाही. बाहेर पार्सलची रांग बघून घाबरू नका, आत बसायच्या खोल्याच खोल्या आहेत.

काउंटरवर आमच्या मैत्रिणीने पोर्तुगीजमध्ये ऑर्डर द्यायला सुरुवात केली. मध्ये अडखळली. मागे उभ्या असलेल्या आजोबांनी शब्द पुरवला. ऑफिसात सगळं काम इंग्रजीत, फ्लॅटमध्येही इंग्रजी, त्यामुळे आठ महिन्यांत तिला भाषेची गरज पडलीच नव्हती. इथे तिच्यामागे तीन भुकेले पाहुणे उभे होते. तिने वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि या वेळी शेवटपर्यंत नेलं. आजोबा खूश. बाराच्या बारा नाता बरोबर आल्या.

जेरोनिमूश मठाचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलने काढलं. पैसा आला मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून. दगडात दोरखंड, शिंपले, वेली कोरल्या आहेत. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. तो डिसेंबर १५२४ मध्ये कोचीनला वारला, अवशेष नंतर मायदेशी आणले. त्याच्यासमोर कवी कामोइंश. तोही गोव्यात राहून गेलेला.

नदीकाठावर १९६० साली बांधलेलं स्मारक आहे. जहाजाच्या आकाराचं, वर राजपुत्र, खलाशी, नकाशे काढणारे, धर्मगुरू. नाव 'शोधांचं स्मारक'. समोर जमिनीवर संगमरवरी जगाचा नकाशा आहे. बँकवाला त्यावर चालत चालत आपल्या किनाऱ्यापर्यंत गेला, तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "शोध कसला? आम्ही इथेच होतो की!"

हसलो खरे, पण ते तेवढ्यावर संपत नाही. त्या जहाजांतून अननस आला, पाव आला, तसंच १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनही आलं आणि त्याचा धाक वसईपर्यंत होता. दुसऱ्या बाजूला गोव्यात मुळं असलेले आंतोनिओ कोस्टा २००७ ते २०१५ या काळात लिस्बनचे महापौर होते, आणि पुढे २०२४ पर्यंत देशाचे पंतप्रधान. या शहरात एक गोष्ट आवडली म्हणून दुसरी विसरायची, असं करता येत नाही. दोन्ही पिशवीत घेऊनच फिरावं लागतं.

परतताना ट्रामच्या स्टॉपवर एका कोरियन जोडप्याने नकाशा पुढे करून मठाचा रस्ता विचारला. आम्ही सवयीने मोबाइल काढले. आमची मैत्रीण मोबाइल न काढता म्हणाली, "उजवीकडे नाही, डावीकडे. बागेतून जा, सावली आहे. आणि आधी नाता खा, नंतर रांग वाढते." ते दोघं आभार मानून गेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. शुक्रवारी हीच मुलगी यातलं काही पाहिलं नाही म्हणून सांगत होती.

रविवार संध्याकाळ : कासिल्यासची फेरी

यादीतली शेवटची जागा यादीत नव्हतीच. काइश दो सोद्रेवरून पलीकडच्या कासिल्यासला जाणारी फेरीबोट. ऑफिसला जाणारे-येणारे लोक, सायकली, भाजीच्या पिशव्या. दहाएक मिनिटांचा प्रवास. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याकडे वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, तिच्यावर उभं राहिल्यासारखंच वाटतं. डावी-उजवी बदलली, एवढंच. एका बाजूला टेकड्यांवर उजळलेलं शहर, दुसऱ्या बाजूला लाल झुलता पूल. १९६६ साली बांधला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर ते पुसून ती तारीखच पुलाचं नाव झाली.

बोटीच्या कठड्याला टेकून ती आपण होऊन बोलली.

"एक वर्ष वाढवणार आहे मी."

कोणी काही बोललं नाही.

"काल तुम्ही विचारलंत, तेव्हा जवळजवळ 'येते' म्हणणार होते. आठ महिने मी इथे थांबलेय, असंच वाटायचं. स्टेशनवर थांबतो ना, गाडी येईपर्यंत, तसं. परवापासून राहतेय असं वाटतंय. तर आता लगेच निघायचं कशाला? एक वर्ष राहून बघते."

"आणि काकूंना काय सांगायचं?" बँकवाल्याने विचारलं.

"मी सांगेन. नेटवर्क नाही जाणार."

आम्ही तिला आणायच्या कामावर गेलो आणि तिला तिथे पक्कं बसवून आलो. सीएच्या भाषेत, हिशेब तोट्यात. पण बोटीतून उतरल्यावर पलीकडच्या धक्क्यावर आम्ही चौघांनी मिळून शेवटची सुकेळी खाल्ली, तेव्हा तसं काही वाटलं नाही.

तिने त्याच रात्री घरी फोन केला. काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, की पासपोर्टला किती दिवस लागतात. परत आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही काका-काकूंना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो, छप्पर नसलेल्या चर्चमध्ये उभं राहून तिला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा वर आकाशाकडे धरला.

दोस्ताच्या शहरात जाताय?

व्हिसा : पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झाला समजा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. दोस्ताच्या घरी राहणार असाल तर त्याच्याकडून तसं अधिकृत पत्र मागवा.

खाऊ : युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, तूप, श्रीखंड घरीच ठेवा. सुकेळी, चटणी, मसाला, लाडू (तुपाशिवायचे!) चालतील.

बूट : लिस्बनचे फुटपाथ पांढऱ्या-काळ्या दगडांच्या तुकड्यांचे असतात. दिसायला देखणे, पण पाऊस पडला की घसरगुंडी. रबरी तळव्याचेच बूट घाला.

पैसे : पहिल्याच दिवशी खर्चाची वाटणी ठरवा. युरोत पगार मिळतो म्हणजे युरोत उरतो, असं नाही. एक जेवण मात्र तुमच्याकडून.

घर : फ्लॅटमेट असतील तर बाथरूमच्या वेळा विचारून घ्या. रात्री उशिरा फोडणी नको.

भाषा : आभार मानताना मुलांनी 'ओब्रिगादु' म्हणायचं, मुलींनी 'ओब्रिगादा'. सकाळी 'बों दीया'. बाकी अडलंच तर मराठीत 'बटाटा' म्हणून बघा.

आणि हो : अडचणीचा प्रश्न विचारायचा असेल, तर पहिल्या रात्री विचारू नका. आधी तिच्यासोबत दोन दिवस चाला.